काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधला स्वर

महाराष्ट्रात गायकाचा षड्ज कोठे लागतो हे सांगताना पेटीच्या पट्ट्यांचा आधार घेतला जातो. अमुक गायक काळी एकमध्ये गातो, तमुक गायिका काळी चारमध्ये गाते, एवढे म्हटले की सप्तकातील बारा पट्ट्यांपैकी कोणती पट्टी ‘सा’ मानावयाची हे साथीदाराला कळते, आणि त्याप्रमाणे तानपुरा, तबला व सारंगी लावून घेतली जाते. या व्यवस्थेत लगतच्या दोन पट्ट्यांमधली जागा मात्र कोणाच्याच नावावर नसते. काळी पाच आणि तिच्या शेजारची पांढरी सात यांच्यात अर्ध्या स्वराचे अंतर आहे. त्या अंतराच्या जवळजवळ मध्यावर कोणी ‘सा’ लावला, तर पेटीवाल्याने भाता मिटून स्वस्थ बसावे एवढाच मार्ग उरतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ब्रिटिश पलटणींच्या बँडांसाठी घडवलेली क्लॅरिनेटे नेमकी या मधल्या जागेत बोलतात. जुन्या ब्रिटिश क्लॅरिनेटांची खरेदी, दुरुस्ती आणि वादन यांचा विचार उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या कल्याणपलीकडच्या शहरांच्या संदर्भात करू लागले की हा मधला स्वर सर्वांत आधी आडवा येतो, आणि थोडे थांबून पाहिले तर हा दोष वाद्याचा आहे की पट्ट्यांचा, असा प्रश्न पडू लागतो.

क्लॅरिनेट हे एकपत्ती सुषिर वाद्य आहे. सनईत दोन पत्त्या एकमेकींवर थरथरतात, तर क्लॅरिनेटमध्ये बोरूसारख्या नळाची एकच पत्ती, जिला बँडवाले रीड म्हणतात, माऊथपीसच्या सपाट बाजूवर पट्ट्याने आवळलेली असते. न्यूरेंबर्ग येथील योहान क्रिस्टोफ डेनर या वाद्यकाराने १७०० च्या सुमारास हे वाद्य सिद्ध केले असे मानले जाते. माऊथपीस, त्याखालचा पिंपाच्या आकाराचा आखूड तुकडा ज्याला बॅरल म्हणतात, वरचा जोड, खालचा जोड आणि टोकाचा कर्णा अशा पाच भागांचे हे वाद्य बुचाचे अस्तर लावलेल्या सांध्यांनी एकत्र येते. सनईची नळी खाली रुंदावत जाते. क्लॅरिनेटचे पोकळ अंग बहुतांशी एकाच व्यासाचे असते आणि पत्तीकडचे तोंड ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने बंद धरले जाते. या रचनेचा एक विलक्षण परिणाम असा की बोटे तीच ठेवून वरच्या सप्तकात जाताना बासरी किंवा सनई आठव्या स्वरावर उडी मारते, म्हणजे ‘सा’चा वरचा ‘सा’ होतो, आणि क्लॅरिनेट मात्र बाराव्या स्वरावर पोचते, म्हणजे मंद्र ‘सा’ची बोटे ठेवून मागची चावी दाबली की मध्य सप्तकातला पंचम निघतो. मधली पोकळी भरून काढण्यासाठी चाव्या वाढत गेल्या. इव्हान म्यूलर याने १८१२ च्या सुमारास पॅरिसमध्ये १३ चाव्यांचे क्लॅरिनेट पुढे आणले आणि पुढे ब्रसेल्सच्या युजीन आल्बेर याने त्याच मार्गाने ज्या वाद्यांना सफाईचे रूप दिले, ती वाद्ये लंडनमध्ये चॅपेल यांच्या दुकानातून विकली जात. हेन्री लॅझरससारखा त्या काळचा अग्रगण्य इंग्रज वादक तीच वापरत असे. इंग्रजी लष्करी क्लॅरिनेटांचा मूळ साचा हा साध्या पद्धतीचा आहे. क्लोझे व बुफे यांनी १८४४ मध्ये पेटंट घेतलेली बोम पद्धती, जी आज सर्वत्र दिसते, ती इंग्लंडमध्ये बरीच उशिरा रुळली.

स्वराच्या उंचीचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. मध्य सप्तकातील ‘ए’ हा स्वर, म्हणजे आपली पांढरी सहा, सेकंदाला किती कंपनांचा धरावयाचा याविषयी युरोपात एकवाक्यता नव्हती. फ्रान्सने १८५९ मध्ये कायद्याने ४३५ कंपने ठरवली, तर इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा आकडा ४५२ च्या वर गेला, कारण उंच लावलेला वाद्यवृंद अधिक तेजस्वी वाटतो आणि एकदा चढलेला सूर खाली आणावयास कोणी धजत नाही. ट्विकनहॅमजवळच्या नेलर हॉल येथे १८५७ मध्ये लष्करी संगीताचे विद्यालय निघाले, आणि लष्करी बँडांसाठी हीच उंच पट्टी शिस्तीची बाब झाली. गायकांचे घसे मात्र कुरकुरत होते. १८९५ मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये हेन्री वुड यांच्या प्रॉमेनेड मैफलींना सुरुवात झाली, तेव्हा त्यांना पैसे पुरवणारे डॉक्टर जॉर्ज कॅथकार्ट हे घशाचे वैद्य होते आणि सूर खाली उतरवला तरच पैसे मिळतील अशी त्यांची अट होती. फुंकवाद्ये नव्या पट्टीची नाहीत अशी अडचण पुढे आली तेव्हा त्यांनी बेल्जियममधून ती मागवून वादकांना वापरावयास दिली. वाद्यवृंदांनी ४३९ चा आकडा स्वीकारला, लष्कराने १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे अनुकरण केले, आणि १९३९ मध्ये लंडन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने ४४० वर शिक्कामोर्तब केले. यांपैकी लष्कराच्या निर्णयाने जुन्या क्लॅरिनेटांचे भवितव्य ठरवले.

४५२.५ आणि ४४० यांमधला फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण तो अर्ध्या स्वराच्या जवळजवळ निम्मा आहे. सप्तकाचे २२ श्रुतींत सरासरीने वाटप केले तर एका श्रुतीच्या वाट्याला जेवढे अंतर येईल, त्याहून तो किंचितच कमी भरतो. दोन वाद्यांवर एकच पांढरी सहा अशा फरकाने एकत्र वाजवली, तर सेकंदाला बाराहून अधिक थरथरी कानावर आदळतात आणि ज्याला संगीतातले काही कळत नाही तोही तोंड वाकडे करतो. पितळी वाद्यांचे यात फारसे बिघडत नाही, कारण ट्रम्पेट किंवा युफोनियमच्या नळीत थोडी लांबी वाढवली की सूर उतरतो. लाकडी क्लॅरिनेटच्या अंगावर छिद्रे कायमची पाडलेली असतात. बॅरल ओढून लांबी वाढवली तर वरच्या, आखूड नळीतून निघणारे स्वर प्रमाणाबाहेर उतरतात आणि खालचे तेवढे उतरत नाहीत. एक स्वर जुळवावा तर दुसरा बिनसतो. म्हणून पट्टी बदलली तेव्हा पितळी वाद्ये कामात राहिली आणि क्लॅरिनेटे एका फटकाऱ्यात निकालात निघाली. इंग्लंडमधल्या कामगारवस्त्यांतील हौशी पितळी बँड मात्र १९६० च्या दशकापर्यंत जुन्याच उंच पट्टीत वाजवत राहिले. त्यांना कोणत्याही पियानोबरोबर वाजवावयाचे नव्हते, आपसात जुळले म्हणजे पुरे होते.

हिंदुस्थानातील लग्नाच्या बँडांची गोष्ट याच तत्त्वावर उभी आहे. पलटणींच्या बँडातून बाहेर पडलेले वादक आणि त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खासगी बँड काढले. मेरठला नादिर अली यांची वाद्यांची पेढी १८८५ पासूनची सांगितली जाते आणि पुढे देशभरातील बँडवाल्यांचे साहित्य मेरठच्या जली कोठीतून येऊ लागले. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने ‘ब्रास बाजा’ या २००५ च्या ग्रंथात या व्यवसायाचा विस्तृत मागोवा घेतला आहे. बँडमध्ये मुख्य चाल धरण्याचे काम दीर्घकाळ क्लॅरिनेटकडे राहिले, आणि ते स्वाभाविकच होते, कारण मिरवणुकीतील सनईची जागा दुसऱ्या कोणत्या वाद्याने भरून काढावयाची तर ती याच वाद्याने. पुण्यात सोलापूरकर कुटुंबाच्या प्रभात ब्रास बँडने गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत नाट्यपदे वाजवून जी रसिकता जोपासली, तिच्यातही या काळ्या नळीचा वाटा आहे. ज्या बँडमधली सर्व वाद्ये एकाच उंच पट्टीची आहेत, तेथे त्या पट्टीचे नाव विचारणारा कोणी नसतो. ढोल आणि ताशाला षड्जाशी देणेघेणे नाही, आणि वरातीत तानपुराही नसतो. लंडनमध्ये जे वाद्य निरुपयोगी ठरले, ते इथे कोणत्याही दुरुस्तीविना उपयोगी राहू शकत होते. हे औदार्य नव्हे. एका संगीतव्यवस्थेत स्थिर मानली गेलेली गोष्ट दुसरीत स्थिर नव्हती, एवढाच त्याचा अर्थ आहे.

मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कल्याणनंतर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके ओळीने येतात. उल्हासनगरचा जन्मच लष्करी आहे: दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या मुक्कामासाठी कल्याणजवळ छावणी उभारली गेली, फाळणीनंतर सिंधमधून आलेले लाखाच्या आसपास निर्वासित तिच्या बराकींत वसवले गेले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. शहराचे भाग आजही कॅम्प एक ते कॅम्प पाच याच नावांनी ओळखले जातात. या छावणीत पलटणीचा बँड वाजला असेल, त्यातले एखादे क्लॅरिनेट बराकीच्या कोपऱ्यात राहून गेले असेल आणि ते नंतर सिंधी व्यापाऱ्याच्या हाती लागले असेल, अशी कथा रचणे अगदी सोपे आहे, आणि सोपे आहे म्हणूनच ती न रचलेली बरी. उल्हासनगरचा या विषयाशी खरा संबंध वेगळा आहे: वस्तूवरील शिक्का आणि वस्तू यांच्या नात्याविषयी या शहराने साऱ्या महाराष्ट्राला एक विनोद पुरवला आहे. मालावर ‘मेड इन यू.एस.ए.’ असे छापावयाचे आणि त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन असा सांगावयाचा, ही थट्टा मुंबई परिसरात दोन-तीन पिढ्यांनी ऐकलेली आहे. जुन्या ब्रिटिश क्लॅरिनेटांच्या बाजारात शिरू पाहणाऱ्याला ही थट्टा ठाऊक असणे उपकारक ठरते, कारण इंग्लंडमधील कित्येक दुकानदार फ्रान्समध्ये किंवा बोहेमियात घडवलेल्या वाद्यांवर स्वतःचे नाव आणि गाव ठोकून ती विकत असत. कर्ण्यावर लंडनमधील रस्त्याचा पत्ता कोरलेला आहे म्हणून लाकूड लंडनमध्ये कापले गेले असे होत नाही. पुष्कळांना हा लबाडीचा प्रकार वाटतो. त्या काळच्या व्यापारात तो उघड रिवाज होता, आणि नाव ठोकणारा दुकानदार निदान त्या वाद्याची जबाबदारी घेत असे, जी आजच्या अनेक नाममुद्रांविषयी म्हणता येत नाही.

खरोखर ब्रिटिश म्हणावीत अशी क्लॅरिनेटे प्रामुख्याने बूझी आणि हॉक्स या दोन घराण्यांची आहेत. १९३० मध्ये या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एक झाल्या आणि उत्तर लंडनमधील एजवेअर येथील कारखान्यातून बूझी अँड हॉक्स या नावाची वाद्ये बाहेर पडू लागली: विद्यार्थ्यांसाठी रीजंट, त्याहून वरची एजवेअर आणि एम्परर, व्यावसायिकांसाठी इंपीरियल ९२६, आणि या सर्वांच्या शिखरावर सिंफनी १०१०. या शेवटच्या वाद्याच्या आतल्या नळीचा व्यास ०.६०० इंच, म्हणजे १५.२४ मिलिमीटर आहे. फ्रेंच वाद्यांत तो साधारण १४.६ मिलिमीटर असतो. अर्ध्या मिलिमीटरहून थोड्या अधिक अशा या फरकाने आवाजाचा पोत पार बदलतो, नाद रुंद आणि गोलसर होतो, आणि स्वराला ओठांनी वाकवण्याची मुभा अधिक मिळते. फ्रेडरिक थर्स्टन, जॅक ब्रायमर आणि जर्व्हाज द पेयर या वादकांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून विसाव्या शतकाच्या मध्याचा जो इंग्रजी क्लॅरिनेटचा नाद ऐकू येतो, तो याच नळीचा. १९८० च्या दशकात १०१० चे उत्पादन थांबले. असे वाद्य घेणाऱ्याने त्याचे मूळ माऊथपीस बरोबर आहे की नाही हे आधी पाहावे, कारण १०१० साठी आतून समान व्यासाचे माऊथपीस लागते. आजच्या बाजारातील निमुळत्या पोकळीचे माऊथपीस त्यावर चढवले की स्वरांची आपसातली अंतरे ढळतात, आणि घेणारा उगाच वाद्याला दोष देत बसतो.

खरेदीतील इतर खबरदाऱ्या अनुभवी माणसाच्या बोटांना ठाऊक असतात. वरच्या आणि खालच्या जोडावर कोरलेला क्रमांक एकच असला पाहिजे. तो वेगळा असेल तर दोन मोडक्या वाद्यांतून एक धडके जुळवलेले आहे असे समजावे. उंच पट्टीच्या वाद्यावर एच. पी. आणि उतरलेल्या पट्टीच्या वाद्यावर एल. पी. अशी अक्षरे ठोकण्याची पद्धत होती, पण ती सर्वांनी पाळली नाही, म्हणून लांबी मोजणे इष्ट: उंच पट्टीचे बी फ्लॅट (काळी पाच) क्लॅरिनेट नेहमीच्या वाद्याहून पावणेदोन-दोन सेंटिमीटर आखूड भरते. येथे एक सापळा आहे. इंग्लंडमध्ये वाद्यवृंदातील वादक बी फ्लॅट आणि ए अशी क्लॅरिनेटांची जोडी बाळगत, ज्यांपैकी ए हे अर्ध्या स्वराने खालचे आणि म्हणून लांब असते. उंच पट्टीचे ए क्लॅरिनेट हे आजच्या बी फ्लॅटहून पाव स्वर खाली, म्हणजे पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मध्ये बोलते, आणि केवळ लांबीवर विसंबणारा गिऱ्हाईक त्याला एखादे जरा उतरलेले बी फ्लॅट समजून घरी नेतो. परदेशातून मागवणाऱ्याला लाकडाच्या कायद्याचीही थोडी माहिती हवी. क्लॅरिनेटचे काळे लाकूड टांझानिया आणि मोझांबिकमध्ये वाढणाऱ्या डालबर्जिया मेलॅनॉक्झायलॉन या वृक्षाचे असते, आणि तो आपल्या शिसवीचा सख्खा भाऊबंद आहे; २०१७ मध्ये डालबर्जिया या संपूर्ण प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, तेव्हा जुनी वाद्ये सीमेपार पाठवणे त्रासाचे झाले होते, पण २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून वगळण्यात आले.

दुरुस्तीचा विषय निघाला की अंबरनाथकडे वळावे लागते. इ.स. १०६० च्या शिलाहारकालीन शिवमंदिरामुळे विद्वानांना परिचित असलेले हे गाव गेल्या सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत धातुकामाचे गाव झाले आहे. तांबे-पितळेसारख्या धातूंचे काम करणारी ऑर्डनन्स फॅक्टरी, तिच्या शेजारची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, आणि औद्योगिक वसाहतींतील लेथवर जॉबवर्क करणारे लहान कारखाने यांनी येथे मापाची शिस्त असलेले टर्नर आणि फिटर तयार केले. क्लॅरिनेटच्या दुरुस्तीपैकी निम्मे काम अशा माणसाच्या आवाक्यातले आहे. चाव्या जर्मन सिल्व्हरच्या असतात, ज्यात चांदीचा अंश नसून तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण असते. तुटलेली चावी चांदीच्या डाकाने जोडता येते, झिजलेल्या दांडीतील ढिलेपणा काढता येतो, आणि लाकडात घट्ट रुतलेले खांब हलू लागले असतील तर पुन्हा बसवता येतात. चाव्या परत उचलणाऱ्या सुयांच्या स्प्रिंगा निळसर पोलादाच्या असतात आणि दमट हवेत त्या आधी गंजतात. छिद्रे झाकणारी पॅड कातडीची किंवा माशाच्या फुग्यासारख्या पातळ पापुद्र्याने मढवलेल्या नमद्याची असतात, आणि ती चावीच्या वाटीत बसवण्यासाठी लाख वापरतात. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात लाकडाला पॉलिश करताना जो चपडा लागतो, तोच पदार्थ इथे वेगळ्या कामाला येतो. दुसरे निम्मे काम मात्र कानाचे आहे, आणि ते लेथवर होत नाही. एक पॅड केसभर गळत असले तर त्याखालचे सारे स्वर धापा टाकतात. कारागिराने वाद्य वाजवता येण्याइतके शिकल्याविना ही गळती सापडणे कठीण. उंच पट्टीचे वाद्य लांब बॅरल कातून आजच्या पट्टीत आणण्याचा मोह टर्नरला होणारच, कारण ते काम त्याला जमते. पण लांबी एकाच जागी वाढते आणि छिद्रे जागच्या जागी राहतात, हे त्याला मोजमापानेच पटवून द्यावे लागते.

बदलापूरचा प्रश्न पाण्याचा आहे. डोंगरांच्या कुशीतील या गावाचा पावसाळा जबर असतो, उल्हास नदी आपल्या मर्यादा अधूनमधून विसरते, आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकून पडली होती, हे अनेकांच्या स्मरणात असेल. तळमजल्यावरच्या कपाटातील वाद्याचे अशा वेळी काय होते याची कल्पना करता येईल, पण पुराविनाही चार महिन्यांची दमट हवा लाकडावर आपले काम करते. इंग्लंडमधले वाद्य हिवाळ्यात तापवलेल्या खोलीत आक्रसते आणि तडकते. येथे तेच लाकूड फुगते, जोड एकमेकांत असे रुततात की बळ लावले तर चाव्या वाकाव्यात, आणि मग ऑक्टोबरची कोरडी झळ लागली किंवा वातानुकूलित खोलीत वाद्य राहिले की वरच्या जोडावर, जेथे वादकाचा ओलसर श्वास आधी आदळतो, बारीक चीर दिसू लागते. चीर पडली म्हणून वाद्य टाकून देऊ नये. तिच्यात त्याच लाकडाचा भुसा आणि गोंद भरून, गरज पडल्यास आडव्या खिळ्या घालून ती मिटवता येते. उष्ण प्रदेशांत नेण्याच्या वाद्यांसाठी इंग्रजी कारखाने एबोनाइटचाही उपयोग करीत असत. एबोनाइट म्हणजे गंधकाबरोबर भाजून कठीण केलेले रबर. ते पाण्याने फुगत नाही, पण उन्हात ठेवले की त्यातला काळेपणा जाऊन हिरवट तपकिरी रंग चढतो आणि वासही येतो. लाकडाचे कौतुक करणारे संग्राहक एबोनाइटला नाक मुरडतात. कोकण-ठाण्याच्या हवेत वर्षभर वाजवावयाचे असेल तर त्यांचा हा नाकमुरडेपणा परवडणारा नाही.

वादनाकडे आल्यावर साध्या पद्धतीच्या जुन्या वाद्याची खरी परीक्षा होते. हिंदुस्थानी राग वाजवू पाहणाऱ्याला या नळीवर षड्जाची जागा निवडण्याचे स्वातंत्र्य आहे, आणि त्यातली एक निवड फार सुबक आहे: अंगठा आणि सहा बोटे यांनी सारी छिद्रे झाकून जो स्वर निघतो तो मंद्र षड्ज मानावा, म्हणजे सारी छिद्रे उघडी टाकली की मध्य षड्ज मिळतो. आजच्या बी फ्लॅट वाद्यावर ही पट्टी पांढरी चार येते. मात्र या निवडीची एक किंमत आहे. मध्य षड्जाच्या वर ऋषभ आणि कोमल गंधार हे दोन स्वर नळीच्या गळ्याजवळच्या चाव्यांनी निघतात, त्यांचा आवाज दबका आणि घुसमटलेला असतो. शुद्ध गंधारासाठी मात्र मागची चावी दाबून जवळजवळ सर्व बोटे एकदम खाली आणावी लागतात आणि तेथे नाद अचानक उजळतो. वाद्याच्या दोन स्वभावांमधली सीमारेषा अशा रीतीने नेमकी दोन गंधारांच्या मधून जाते. जोगसारख्या रागात, जेथे चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल गंधार हेच रागाचे वैशिष्ट्य आहे, वादकाला प्रत्येक आवर्तनात ही सीमा ओलांडावी लागते, आणि ती ओलांडताना ऐकणाऱ्याला कळू नये यातच त्याची सारी तयारी दिसते. ज्याला हे नको असेल त्याने षड्ज दुसरीकडे न्यावा, पण मग सर्व झाकणे आणि सर्व उघडणे यांतली ती सुबकता जाते. मींडेच्या बाबतीत साध्या पद्धतीचे वाद्य वादकाला अनुकूल असते, कारण बोटांखाली कड्यांची यंत्रणा कमी असल्याने छिद्रावरून बोट हळूहळू सरकवून, ओठांचा दाब सैल करीत स्वर ओढता येतो. तुर्कस्तानातील वादक याच कारणासाठी आल्बेरच्या वळणाची वाद्ये आजही पसंत करतात. दक्षिणेत ए. के. सी. नटराजन यांनी क्लॅरिनेटला कर्नाटक संगीताच्या मैफलीत मानाची जागा मिळवून दिली आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उत्तरेकडील पद्धतीत रायचूरचे नरसिंहलू वडवाटी यांनी हे वाद्य रागसंगीतासाठी वाजवले. त्यांची वाद्यावरची हुकमत ऐकली म्हणजे गमक आणि मींड या केवळ तारेच्या किंवा गळ्याच्या मालकीच्या गोष्टी नाहीत हे मान्य करावे लागते.

आता पुन्हा त्या मधल्या स्वराकडे यावे. पेटीच्या ठरीव स्वरांविषयी महाराष्ट्रात विचार झालाच नाही असे नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये २२ श्रुतींवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, त्यांच्या आणि क्लेमेंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या खटपटीतून श्रुतिपेटी तयार झाली, आणि आकाशवाणीने तर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला आपल्या दारात उभेच केले नाही. तो सारा वाद सप्तकाच्या आतील स्वरांच्या जागांचा होता. षड्ज मुळात कोठे ठेवावा, याला कोणाचा आक्षेप नव्हता, कारण तो हवा तेथे ठेवता येतो हे गृहीतच होते. व्यवहारात मात्र पेटी घरोघर गेली तेव्हा षड्जाच्या जागाही बाराच उरल्या, आणि गायक स्वतःच्या गळ्याची उंची पट्टीच्या क्रमांकाने सांगू लागला. उंच पट्टीचे क्लॅरिनेट या सोयीच्या आड येते, एवढाच त्याचा अपराध आहे. तानपुऱ्याच्या खुंट्या कोणत्याही उंचीवर थांबतात, तबला हातोडीच्या दोन ठोक्यांनी तेथे येतो, आणि आज मोबाइलमध्ये मिळणाऱ्या तानपुऱ्यालाही अर्ध्या स्वराचे शंभर भाग करून हवे तितके वर-खाली करता येते. तेव्हा बदलापूरच्या एखाद्या घरात कोणी १९१० च्या सुमाराचे एच. पी. शिक्क्याचे वाद्य घेऊन एकट्याने यमन वाजवू लागला, तर त्याला कोणत्याही बाबतीत कमी पडण्याचे कारण नाही. संग्राहकांच्या बाजारात अशी वाद्ये सर्वांत स्वस्त असतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदात वाजवणाऱ्याने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहू नये. रागसंगीताच्या विद्यार्थ्याने मात्र ती आधी पाहावीत, हे मत काहीसे उलटे वाटेल, पण त्यामागचा हिशेब सरळ आहे.

ज्या ठिकाणी हा हिशेब चालत नाही, ते ठिकाणही याच पट्ट्यात आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या आसपासच्या आगरी गावांत हळदीच्या रात्री ब्रास बँड वाजतो, कोळीगीतांच्या चालींवर माणसे नाचतात. उल्हासनगरात चेटीचंडच्या शोभायात्रेला बँड लागतो. पूर्वी अशा ताफ्यात सर्व वाद्ये एका पट्टीची असली की पुरे होत असे. आता हातगाडीवर ठेवलेला कीबोर्ड ताफ्याच्या मध्यभागी असतो, त्याची तार ध्वनिवर्धकाला जोडलेली असते, गाणारा माइक धरून बाजूला उभा असतो, आणि कीबोर्डची पांढरी सहा ४४० वर कारखान्यातच बसवलेली असते. कीबोर्डचा सूर यंत्रातील एका सेटिंगने पाव स्वर चढवता येतो, पण वरातीच्या घाईत एका जुन्या क्लॅरिनेटसाठी तसे करावयास कोणी तयार नसतो, आणि चढवला तरी ट्रम्पेट व सॅक्सोफोनवाल्यांनी आपली वाद्ये कोठे न्यावयाची हा प्रश्न राहतोच. बँडमास्तर मेरठचे नवे क्लॅरिनेट मागवतो, किंवा त्या जागी दुसरा ट्रम्पेट उभा करतो.